जुन्या गाण्यांना नवे नंबर

"बाबा, एवढा एक रकाना जरा बघून ठेवाल?" असं लेकीने विचारलं आणि नंबरसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नंबरसाहेब हे नाव त्यांना वाहन नोंदणीच्या कचेरीतल्या लोकांनी दिलेलं. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांना नंबर देण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घरात नंबर देण्यासारखं काही उरलेलंच नाही. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नंबर चिकटवून पाहिले. बायकोने फक्त डब्यांतला माल आपापसांत बदलून टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतःच्या चहात दोन चमचे मीठ घातलं. तेव्हापासून ते लेकीच्या ऑफिसात येऊन बसायला लागले.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दीड खोल्या. तिथून लेक टेक्नो संगीत प्रसिद्ध करायची. ज्यात गाणारा यायचाच राहून गेला आहे असं गाणं, अशी साहेबांनी टेक्नोची स्वतःपुरती व्याख्या केली होती. पण लेकीचा त्यांना भारी अभिमान. खालच्या सायकलवाल्याला ते रोज सांगायचे, "कंपनी आहे तिची! स्वतःची!" आणि सायकलवाला पंपावरून मान न उचलता म्हणायचा, "ऐकतोय ना साहेब. छतातून रोज ऐकतोय."

पुढच्या शुक्रवारी कंपनीचा पहिला मोठा संग्रह यायचा होता. नावाजलेल्या कलाकारांनी आपलं गाजलेलं एकेक गाणं लेकीच्या शब्दाखातर दिलं होतं. हा संग्रह निघाला तर कंपनी चार लोकांत उभी राहणार होती, आणि फसला तर ही मंडळी पुन्हा कधी फोन उचलणार नव्हती. हे लेकीने वडिलांना नीट बसवून सांगितलं होतं.

"प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला एक कोड असतो, बाबा. थोडी अक्षरं, थोडे आकडे. त्याच्यावरून यंत्राला कळतं, गाणं कुठलं, कुणाचं, किती जणांनी ऐकलं. गाडीच्या नंबरासारखंच समजा ना."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण ती बोलली, आणि मुखपृष्ठ छापायला टाकायचं म्हणून घाईघाईने जिना उतरून गेली.

साहेबांनी चष्मा पुसला. पडद्यावर कोडांचा रकाना उघडला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एकाही कोडाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. कुणाची सुरुवात एका अक्षराने, कुणाची भलत्याच, आकडे तर वाटेल तसे उधळलेले. त्यांनी लेकीच्या मदतनीस मुलीला हाक मारली. ती कानावर हेडफोन लावून बसली होती. तो काढल्यावरसुद्धा तिची मान हलतच होती.

"हे असं कसं? वेगवेगळ्या घरचे नंबर दिसतायत."

"हो काका. ही गाणी आधी दुसऱ्या कंपन्यांकडून आलेली आहेत ना, त्यांचे कोड आहेत ते."

"आणि आपल्या कंपनीला स्वतःचे नंबर मिळालेले नाहीत?"

"मिळालेत की. अख्खी मालिका पडून आहे."

"मग झालं तर!" साहेब म्हणाले. मुलीने हेडफोन पुन्हा चढवला.

साहेबांच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या कचेरीत नोंदवलेली गाडी आपल्या हद्दीत कायमची आली, की तिचा जुना नंबर जातो आणि तिला आपल्या मालिकेतला नवा मिळतो. नोकरीत त्यांनी हजारो गाड्यांना असं पवित्र करून घेतलं होतं. लेकीला हे ठाऊक नसणार. तिचा काय दोष, तिने नोकरी केली नव्हती. त्यांनी सगळे जुने कोड खोडले आणि लेकीच्या कंपनीच्या मालिकेतले कोरे करकरीत कोड एकाखाली एक असे बसवले, की बघणाऱ्याचे डोळे निवावेत.

नंबर देण्याआधी गाडी डोळ्यांखालून घालायची त्यांची शिस्त होती, म्हणून त्यांनी सगळी गाणीही ऐकली. बहुतेकांनी त्यांची दाढ ठणकली. पण एका गाण्यापाशी ते थांबले. 'दुपार' नावाच्या कुणा कलाकाराचं होतं ते. धडधड त्यातही होती, पण ती कशी घरातल्या माणसासारखी वागत होती. येत होती, अडखळत होती, पुन्हा प्रयत्न करत होती. साहेबांनी ते दोनदा ऐकलं आणि मालिकेतला पहिला नंबर, जो ते एरवी बड्या धेंडांनासुद्धा सहजी द्यायचे नाहीत, तो दुपारला देऊन टाकला आणि संग्रह पुढे वितरणाला धाडून दिला.

रात्री जेवताना त्यांनी ही कामगिरी बायकोला तिखटमीठ लावून सांगितली.

"म्हणजे जुने कोड गेले?" तिने विचारलं.

"गेले म्हणजे? रद्द!"

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे! आणि त्यात एक दुपार म्हणून पोरगा आहे. त्याला मी एक नंबर दिला. आवडलं मला त्याचं काम."

"पोरगा?"

"दुपारी उठत असणार, म्हणून हे नाव. कलाकार म्हटल्यावर असायचंच. पण जाण आहे हो त्याला. तुला नाही कळायचं ते, मलाही आधी कळत नव्हतं."

"हो का," बायको म्हणाली. "पोरीला विचारलंत का पण, कोड बदलायचे म्हणून?"

"कचेरीत मी कधी कुणाला विचारलंय?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि त्या रात्री भांडी जरा जोरात घासली गेली.

सकाळी साहेब ऑफिसात पोचले तेव्हा लेक अजून छापखान्यातच होती आणि मदतनीस मुलगी यायची होती. पडद्यावर, जी कंपनी ही गाणी जगभर पोचवायची तिचा निरोप येऊन पडला होता. निरोपाचा सूर नरम होता. तुम्ही पाठवलेली गाणी आणि आमच्याकडे आधीपासून असलेली गाणी आवाजाने तंतोतंत सारखी आहेत, पण कोड वेगळे आहेत. एकाच गाण्याला दोन कोड असू शकत नाहीत. यांतले खरे कोणते?

साहेबांचे डोळे चमकले. एकाच गाडीला दोन नंबर! असल्या भानगडी उघडकीला आणण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि उत्तर लिहिलं, की नवे कोड खरे असून जुने या पत्रान्वये रद्द समजावेत, जुन्या कोडांवर चालणारी गाणी तातडीने रस्त्यावरून हटवावीत आणि केलेल्या कारवाईचा अहवाल या कचेरीस पाठवावा. खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव टाकलं आणि 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' असंही लिहिलं. तो अधिकार त्यांना कुणी दिला होता, हे विचारायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्या कंपनीने अहवाल पाठवला नाही, पण कारवाई मात्र झटपट केली. चहा संपायच्या आत फोन वाजायला लागला. पहिला फोन 'खड्डा' या नावाने वाजवणाऱ्या कलाकाराचा होता.

"माझं गाणं कुठाय? सगळीकडून गायब झालंय! लाखो लोकांनी ऐकलं होतं ते, तो आकडाच दिसत नाहीये!"

"जुना नंबर रद्द झाला," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "नव्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होईल. अगदी नव्या गाडीसारखं."

पलीकडे एवढी शांतता पसरली, की साहेबांना वाटलं, माणसाला पटलं. मग खड्डा जे बोलला त्याने त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्यानंतर 'जुळे' नावाची जोडगोळी आली. ते दोघे एकाच फोनवरून एकदम ओरडत होते. त्यांच्यानंतर एक बाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या रडल्या, आणि ते ऐकून मात्र साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

लेक आली तेव्हा ते फोनकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. तिने पडद्यावरचं पत्र वाचलं. 'रस्त्यावरून हटवावीत' हे शब्द तिने दोनदा वाचले.

"बाबा, गाणं कुठल्याही कंपनीकडे गेलं, कुठल्याही संग्रहात गेलं, तरी त्याचा कोड तोच राहतो. जन्मभर. तोच तर त्याचा अर्थ आहे."

"गाडीच्या नंबरासारखं, म्हणालीस तू."

"म्हणाले," ती खुर्चीत बसली. "माझंच चुकलं. माणसाच्या जन्मतारखेसारखं, म्हणायला हवं होतं."

ती ओरडली असती तर साहेबांना सोसलं असतं. ती ओरडली नाही, म्हणून त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी निस्तरतो," ते म्हणाले. "मी घातलाय हा गोंधळ, मीच निस्तरतो."

आणि झालं असं, की निस्तरायचं दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतंच. वितरण करणाऱ्या कंपनीच्या तपासनीसाने फोनवर स्वच्छ सांगितलं, की ज्या अधिकृत माणसाच्या सहीने कोड रद्द झाले, त्याच माणसाने प्रत्येक कलाकार समोर आणून, हा तोच आणि याला मी स्वतः ओळखतो, असं सांगितलं तरच जुने कोड परत मिळतील. एक जरी कलाकार राहिला तरी संग्रह अडकला.

"तो काही तपासून बघणार नाहीये, बाबा. नुसतं 'ओळखतो' म्हणा प्रत्येकाला, सुटलो आपण," लेक म्हणाली.

"मी आजवर खोटी ओळख पटवलेली नाही," साहेब म्हणाले. मान खाली होती, पण आवाज जुनाच होता. "आधी ओळख करून घेईन, मगच ओळखतो म्हणेन."

मग साहेब लोकांच्या दारात जायला लागले. खड्डा दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करायचा. साहेबांनी तिथे रांगेत बसून त्याची माफी मागितली आणि दाढेचं जरा दाखवूनही घेतलं. 'जुळे' मुळात भाऊ नव्हतेच. दिसायलाही ते एकमेकांसारखे नव्हते आणि एका गाण्यापलीकडे त्यांचं कशावरच एकमत नव्हतं. रडलेल्या बाईंच्या घरी दोन तास बसून त्यांनी बाईंचं सगळं संगीत ऐकलं. त्यातलं निम्मं त्यांना आवडलं, आणि याचाच त्यांना मोठा अचंबा वाटला. पोरं गुणी होती. कष्ट करत होती. साहेब घरी येऊन बायकोला रोज एकेकाचं कौतुक सांगायला लागले, जणू स्वतःच वाढवली आहेत.

"आणि तो दुपार?" एकदा बायकोने विचारलं. "त्याच्याकडे जाऊन आलात का?"

"तेच तर! त्याचं घोडं अडलंय. पत्ता नाही, फोन नाही. पोर म्हणते, आयत्या वेळी येईल. पण ज्याच्या त्याच्या तोंडी तोच. खड्डा म्हणाला, मी हे सगळं सुरू केलं ते दुपारचं गाणं ऐकून. ते जुळेसुद्धा म्हणाले, आणि त्यावर त्यांचं चक्क एकमत झालं! दुपारने गाणं दिलं म्हणून बाकीच्यांनी दिलं म्हणे. आणि त्याचीच सगळी पुण्याई मी पुसून टाकली." साहेबांचा घास हातातच राहिला. "भेटला तर पाया पडेन मी त्याच्या. वय नाही बघणार."

बायकोने त्यांच्या ताटात आमटी वाढली. "पायाबिया नका पडू," ती म्हणाली. "जेवा आधी."

गुरुवारी सकाळी दीड खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. कलाकार खिडकीच्या कठड्यावर, फायलींच्या खोक्यांवर, जिन्यात, जिथे मिळेल तिथे बसले होते. साहेबांनी सगळ्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि मग लेकीच्या नजरेला नजर भिडताच मुकाट्याने परत गोळा केल्या. पडद्यावर तपासनीस आला. काम सुरू झालं.

"यांना तुम्ही स्वतः ओळखता?"

"ओळखतो. हा दातांच्या दवाखान्यात असतो. हाताला हलका आहे."

"यांना?"

"या दोघांना ओळखतो. आत्तासुद्धा त्यांचं जिन्यात भांडण झालं, वर कोण आधी चढणार यावरून."

एकेक कोड जिवंत होत गेला. प्रत्येक वेळी खोलीत टाळ्या पडत होत्या आणि खालून सायकलवाला घंटी वाजवत होता. शेवटी एकच नाव उरलं. तपासनीसाने घड्याळाकडे बघितलं. लेक दाराकडे बघत होती.

जिन्यावर पावलं वाजली, आणि दारात त्यांची बायको उभी राहिली.

"अगं, आत्ता नको," साहेब घाईने पुढे झाले. "डबा तिकडे ठेव नि घरी जा. इथे फार महत्त्वाचं काम चाललंय. आम्ही एका मोठ्या माणसाची वाट बघतोय."

पण खोलीत काहीतरी भलतंच घडलं होतं. खड्डा उठून उभा राहिला होता. रडलेल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. जुळे एकाच वेळी उठले होते आणि एकमेकांना ढकलत खुर्ची पुढे करत होते. साहेबांनी मागे वळून पाहिलं, की आपल्या पाठीमागून कोण आलं. पाठीमागे कोणी नव्हतं.

बायकोच्या हातात डबा नव्हताच. ती सरळ येऊन पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "उशीर झाला. वॉशिंग मशीनचा शेवटचा फेरा चांगला लागला होता, तो ध्वनिमुद्रित करून घेत होते."

साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते म्हणाले, "तू?"

"पोर शिकायला गेली तेव्हा तिची यंत्रं घरीच पडून होती. दुपारी घरात कोणी नसायचं. तिने फोनवरून शिकवलं थोडं, बाकीचं माझं मी केलं."

"इतकी वर्षं? आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"विचारलंत का कधी? संध्याकाळी यायचात आणि विचारायचात, 'कुणाचा फोन?' मी म्हणायचे, 'नाही.' नव्हताच आलेला." तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट गंमत वाटत असल्यासारखी ती हसत होती. "शुक्रवारी सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही मला रस्त्यावरूनच हटवलंत."

खोलीत खसखस पिकली. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. "आईनं शपथ घातली होती, आम्हा सगळ्यांना," ती म्हणाली, तिचेही डोळे हसत होते.

"आणि ते गाणं?" साहेबांनी हळूच विचारलं. "ते अडखळतं, पुन्हा सुरू व्हायला बघतं, ते काय आहे नक्की?"

"तुमची स्कूटर. रोज सकाळी खाली किका मारायचात ना. लागायची नाही. मी वर खिडकीत उभी राहून मोजायचे."

साहेबांना आधी ओशाळल्यासारखं झालं. ज्या बाईसमोर त्यांनी आठवडाभर संगीत समजावून सांगितलं, ती ही! मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ही सगळी गुणी पोरं, जी कुणासाठी जागेवरून हलली नव्हती, ती अजून उभीच होती. आणि साहेबांच्या छातीत अभिमान असा काही भरून आला, की वर्षानुवर्षं लेकीचा, नोकरीचा, सहीचा जो जो अभिमान त्यांनी मिरवला होता तो सगळा मिळून या एकाच्या पासंगाला पुरला नसता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"साहेब," पडद्यावरून तपासनीस म्हणाला, "शेवटचं एक नाव राहिलंय. कलाकार दुपार. या बाईंना तुम्ही स्वतः ओळखता का?"

लेक म्हणाली, "ओळखता म्हणजे काय, ते तिचे..."

"थांब," साहेबांनी हात वर केला. खोटी ओळख त्यांनी आजवर कुणाची पटवली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खुर्चीत बसलेल्या बाईंकडे नीट निरखून पाहिलं. नाकाचं टोक, कानामागचे पांढरे केस, सगळं पाठ असलेलं, आणि त्यातलं काहीच आपल्याला ठाऊक नव्हतं हे आत्ता कळत असलेलं.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले आणि ताठ उभे राहिले. "ओळखतो. आजच ओळख झाली. बाई फार मोठ्या आहेत."